पिठाचा भाग

ते जोडकार्ड माझ्याकडे अडतीस वर्षं होतं. जोडकार्ड म्हणजे काय हे आता सांगावं लागेल. एकाला एक लागून असलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं पाठवायचं. म्हणजे समोरच्याने फक्त उत्तर लिहून पेटीत टाकायचं. उत्तर हवंच असेल आणि समोरचा माणूस मोठा, कामात बुडालेला असेल असं वाटलं, तर लोक जोडकार्ड पाठवत. मी मोठा नव्हतो. कामात तर मुळीच नव्हतो. तरी मी उत्तर दिलं नाही.

पत्रात दोन प्रश्न होते. पहिला असा: "आमचे गावी ऐन शेवटी वीज गेल्याने पिठाचे पुढे काय झाले ते पाहता आले नाही. तरी कृपा करून कळवावे."

हा प्रश्न सोपा होता. दुसरा नव्हता.

त्या वेळी मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि 'ध्रुवयान' नावाची मालिका लिहीत होतो. मराठीत, अवकाशयानावरची, तेरा भागांची. माझ्या चार विज्ञानकथा एका मासिकात वाचून कुमुदताई रेगे थेट ग्रंथालयात आल्या होत्या. त्या निर्मात्या आणि दिग्दर्शकही. इतक्या मोठ्याने बोलल्या की अभ्यास करणारी मुलं वर बघायला लागली. "सोहोनी तुम्हीच ना? मग माझी मालिका लिहा." मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायलाही आवाज लागतो.

सहा भाग झाले. सातवा होत नव्हता.

"सोहोनी, मंगळवारी स्टुडिओ आहे," कुमुदताई म्हणाल्या. "आणि आज शुक्रवार."

आम्ही गोरेगावच्या शेडमध्ये होतो. तिथे मालिकेचे सेट ठेवलेले असत. यानाचा नियंत्रणकक्ष, झोपायच्या कोठड्या आणि मागच्या भागासाठी लावलेलं यानाचं स्वयंपाकघर.

"इंधन पुरत नाहीये," मी म्हणालो.

"कसलं इंधन?"

"यानाचं. त्या ताऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं तर कमी पडतंय. मी पाच वेळा करून पाहिलं."

"अहो, मग जास्त भरा!"

"तसं नाही करता येत, ताई. जास्त भरलं की वजन वाढतं."

"हे कोणाला कळणार आहे?"

"मला."

त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागे करवतीचा आवाज थांबला.

"ताई, एक सांगू का?" दिगंबर म्हणाला.

दिगंबर पाटकर आमचे सेट उभे करायचा. सुतारकाम तोच, रंगकाम तोच, आणि मालिकेच्या सुरुवातीला दिसणारी नावांची कार्डंही काळ्या फळ्यांवर पांढऱ्या रंगाने तोच रंगवायचा. 'लेखन : पद्माकर सोहोनी' हे दर गुरुवारी महाराष्ट्राला दिसायचं ते त्याच्या अक्षरात. मुरूडच्या अलीकडे त्याचं गाव, तिथे बापाची पिठाची गिरणी. वय असेल तीस-बत्तीस. कानावर पेन्सिल आणि केसांत कायम भुसा.

"बोल," कुमुदताई म्हणाल्या.

"हे स्वयंपाकघर उभं आहेच. नवीन काही बांधायला नको. यानावर ती स्वयंपाकीण अक्का आहे ना? तिने घरून निघताना चोरून आंबोळ्यांचं पीठ आणलेलं. कप्तानाला ठाऊक नाही. यंत्राजवळ ऊब लागते म्हणून तिथे ठेवलं. आणि ते फुगायला लागलं. फुगलं, फुगलं, झाकण उडालं. दारातून बाहेर आलं. मग ते बोलायला लागलं."

"बोलायला?" मी म्हणालो.

"हो. बायकांसारखं. 'कोण रे ते, इतका वेळ जागं? डोळे खराब होतील.' असं." त्याने आवाज काढला. एखादी कोकणातली आई काढील तसा, खालून वर जाणारा. मग तो कप्तान झाला आणि ताठ उभा राहून ओरडला, "शत्रू यानात शिरला आहे!" मग पुन्हा पीठ झाला, करवत खाली ठेवून दोन्ही हात पसरून सावकाश माझ्याकडे सरकायला लागला. "शत्रू काय म्हणतोस मेल्या, सकाळपासून खाल्लंस काय?"

कुमुदताई हसत सुटल्या. त्या हसताना आधी आवाज बंद व्हायचा, मग खांदे हलायचे, आणि मग एकदम फुटायच्या. हे मला त्या दिवशी कळलं. मी सहा महिने त्यांना ओळखत होतो. सहा भाग लिहिले होते. त्यातल्या चौथ्या भागात मी एक विनोदही घातला होता.

"दिगू, हे तू लिही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सोमवारी आण."

"मी?"

"मग कोण? सोहोनींचं इंधन संपलंय."

दिगंबर माझ्याकडे बघायला लागला. परवानगी मागितल्यासारखा. मी म्हणालो, "लिही की." आणि रविवारभर घरी बसून ते इंधन पुरवायचा प्रयत्न करत राहिलो. पुरलं नाही.

सोमवारी तो अठरा पानं घेऊन आला. सेटचे नकाशे काढायच्या जाड कागदावर, सुतारी पेन्सिलीने लिहिलेली. मी लाल पेन्सिल घेऊन वाचली. एकतीस चुका निघाल्या.

"हे बघ," मी म्हणालो. "इथे अक्का यानाच्या बाहेर अडकली आहे. अवकाशात. आणि ती कप्तानाला हाक मारते. तिथे हवा नसते, दिगंबर. हवा नाही तर आवाज जाणार कसा?"

"ती मोठ्याने ओरडतेय, साहेब."

"कितीही मोठ्याने ओरडली तरी. ऐकूच येणार नाही."

त्याने डोकं खाजवलं. थोडा भुसा पानांवर पडला. "आमची आई ओट्यावरून हाक मारायची तेव्हा मी वाडीच्या टोकाला असायचो. मधे गिरणी चालू. ऐकू तर काहीच यायचं नाही. पण जावं लागायचं."

"घाला!" कुमुदताई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "हे वाक्य जसंच्या तसं कप्तानाच्या तोंडी घाला. 'ऐकू येत नाही, पण जावं लागतं!'"

"ताई, पण शास्त्र..."

"सोहोनी, तुमचं लिखाण फार चांगलं असतं. खरंच. पण त्यात जावं लागत नाही हो कोणाला."

त्या हे प्रेमाने म्हणाल्या. हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि जे बोलायला नको होतं ते बोललो.

"मग या भागाला माझं नाव नको. माझी काही एक प्रतिष्ठा आहे."

माझी कसली प्रतिष्ठा, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"नको तर नको," कुमुदताई म्हणाल्या. "दिगू, या भागाला तुझं नाव. कार्ड रंगव. सोहोनींचं बाकीच्या बारा भागांना आहेच."

दिगंबरने कानावरची पेन्सिल काढून हातात धरली, आणि परत कानावर ठेवली.

मंगळवारी सकाळी मी स्टुडिओत पोचलो तेव्हा दारात ते कार्ड सुकत ठेवलेलं होतं. 'या भागाचे लेखन : दिगंबर ना. पाटकर'. माझं नाव त्याने कधी इतकं सुरेख काढलं नव्हतं. 'ना.' नंतरच्या टिंबालाही गोलाई दिली होती.

"ना. कशाला?" मी विचारलं.

"बाबांचं, साहेब. नारायण. गावात टीव्ही एकच आहे, ग्रामपंचायतीत. पुढच्या गुरुवारी सगळा गाव जमणार आहे. दिगंबर पाटकर तीन आहेत आमच्याकडे. उगाच दुसऱ्याला मान जायला नको." तो हसला. "बाबांना आजवर वाटतं मी इथे खुर्च्या उचलतो. खोटं पण नाही ते. आता त्यांना दिसेल."

त्याला काय हवं होतं ते असं त्याने सरळ सांगून टाकलं. मला काय हवं ते मी आयुष्यात कोणाला इतक्या सरळ सांगितलेलं नाही.

तेवढ्यात ते बाबा स्वतःच आले. पहाटेच्या एस.टी.ने. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि दोन हातांत दोन मोठे पत्र्याचे डबे, तोंडाला फडकं बांधलेले.

"दिग्या, हे घे. तांदूळ नि उडीद मी सोताच दळलाय. तुझ्या आयशीनं भिजवलंय काल संध्याकाळी."

"बाबा, एवढं?"

"उडीद दुप्पट घातलाय. फुगायला पायजे म्हणालास ना?"

मग ते माझ्याकडे वळले. दिगंबरने ओळख करून दिली. नारायणराव पाटकरांनी टोपी नीट केली आणि मला नमस्कार केला. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होतो.

"तुमीच का ते लिवणारे? आमी बघतो बरं का. समजत नाय सगळं, पण बघतो. मोठं काम आहे." मग आवाज खाली करून म्हणाले, "सायेब, तुमी जाणते. आमच्या दिग्याला येतं का हो लिवायला? का ताईंनी उगाच दया केली?"

दिगंबर डबे घेऊन आत गेला होता. आसपास कोणी नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं म्हंजे?"

"म्हणजे... ठीक आहे. पहिलाच प्रयत्न आहे."

त्यांनी मान हलवली. "तुमी बरं म्हणालात, खूप झालं."

पिठाचा राक्षस दिगंबरने गादीच्या खोळींत फोम भरून केला होता आणि आत दोन माणसं घातली होती. पण डब्यातून फुगून वर येणारं पीठ खरं हवं, असा त्याचा हट्ट होता. डबे सेटवर, दिव्यांखाली ठेवले. ते दिवे म्हणजे भट्टीच. उडीद दुप्पट, वर मेथी, रात्रभर भिजलेलं, आणि हा उकाडा. कोणाच्या लक्षातच आलं नाही. कप्तानाचं काम करणारा नट गंभीर चेहऱ्याने 'हा जीव कोणत्या ग्रहावरून आला असावा?' हे वाक्य म्हणत होता आणि त्याच्या मागे फडकं हळूहळू वर उचलत होतं. मग फडकं घसरलं. पीठ कडेवरून उतरलं, टेबलावर आलं, नियंत्रणाच्या खोट्या बटणांवरून ओघळलं. अक्काचं काम करणाऱ्या बाई मुरलेल्या. त्यांनी ठरलेलं वाक्य सोडून दिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा! मी म्हटलं होतं, मोठ्या भांड्यात ठेवा!"

कप्तानाला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं. कॅमेरा हलायला लागला, कारण कॅमेरावाला हसत होता. कुमुदताईंनी थांबवलं नाही. पुढचा सगळा प्रसंग तसाच झाला. आंबूस वास स्टुडिओभर. दाराशी नारायणराव पाटकर उभे होते, टोपी हातात, आणि सगळी माणसं का हसताहेत हे त्यांना कळत नव्हतं. पण मुलाच्या कामामुळे हसताहेत एवढं कळत होतं.

मी हसलो नाही. मला आठवतंय, मी गालाच्या आतून चावून धरलं होतं. त्या अख्ख्या स्टुडिओत हसू न येणारा मी एकटाच होतो असं नाही. हसू येऊनही न हसणारा मी एकटाच होतो.

शेवट असा होता. कप्तान म्हणतो, पीठ बाहेर अवकाशात फेका. अक्का म्हणते, अन्न फेकायचं नसतं. ती यंत्राच्या तापलेल्या झाकणावर तेल सोडते आणि त्या राक्षसाच्या आंबोळ्या घालते. सगळे खायला बसतात. पीठ कमी कमी होत जातं आणि शेवटचं पळीभर उरतं, तेव्हा म्हणतं, "थोडं मागे ठेवा रे. उद्यासाठी." अक्का ते वाटीत काढते, वर झाकण ठेवते. दिवे मंद होतात. झाकण जरासं उचलतं. संपलं.

बाळबोध. शास्त्राच्या नावाने शून्य. मी बाकीच्या बारा भागांत असा शेवट एकदाही लिहू शकलो नाही.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मी शेजारच्या कर्व्यांकडे बसून तो भाग पाहिला. खोलीत पंधरा-वीस माणसं. सुरुवातीची नावं आली. संगीत, छायाचित्रण, आणि मग, 'लेखन : पद्माकर सोहोनी'.

अर्ध्या तासाने कर्वे माझ्या पाठीवर थापा मारत होते. "सोहोनी! लेको, एवढे दिवस कुठे लपवला होता हा माणूस? आम्हाला वाटायचं तुम्ही फार कठीण!" त्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "झाकण उचललं तेव्हा तर बाई, मी ओरडलेच." माझ्या हातात चहा आला, बशीत लाडू आला. सहा भाग याच खोलीत बसून पाहिले होते. लाडू पहिल्यांदा आला.

पुढच्या मंगळवारी स्टुडिओत दिगंबर नेहमीसारखा खिळे तोंडात धरून काम करत होता. कुमुदताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सोहोनी, दिगूचं कार्ड कसं राहिलं हो? मी तापाने झोपले होते म्हणून तुम्हाला संकलनाला पाठवलं, तर..."

"घाईत राहून गेलं," मी म्हणालो.

"घाईत?"

दिगंबरने तोंडातले खिळे काढले. "असू द्या, ताई. साहेबांच्या नावामुळे लोकांनी शेवटपर्यंत बघितला. माझं नाव बघून कोणी बसलं असतं का?" तो हे मनापासून म्हणत होता की नाही, मी त्याच्याकडे बघितलंच नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

"गावात काय म्हणाले?" कुमुदताईंनी विचारलं.

"काय म्हणणार?" त्याने एक खिळा ठोकला. "शेवटी लाइट गेली. सगळे घरी गेले."

मालिकेची पत्रं माझ्याकडे येत. वाचून उत्तरं द्यायचं काम मीच हौसेने घेतलं होतं. एरवी आठवड्याला वीस-पंचवीस येत. त्या आठवड्यात दोनशेच्या वर आली, गठ्ठे बांधून. सगळी पिठाची. सांगलीहून एकाने आंबोळीची कृती मागितली होती. नाशिकच्या एका शाळेने स्नेहसंमेलनात नाटक करायची परवानगी मागितली होती. 'आदरणीय सोहोनी', 'प्रिय सोहोनीकाका', 'हास्यसम्राट सोहोनी यांस'. मी एकेक वाचत होतो. चोराला चोरलेल्या दागिन्यांचं कौतुक ऐकताना कसं वाटत असेल, असा विचार आला. पण खरं सांगायचं तर मला राग येत होता. त्या दोनशे लोकांचा. माझ्या सहा भागांना हे सगळे कुठे होते?

आणि त्यात ते जोडकार्ड निघालं. मोडीची सवय असलेल्या हाताचं, तिरकं, नेटकं अक्षर.

"रा. रा. सोहोनी साहेब यांस, सा. न. वि. वि. आपली स्टुडिओत भेट झाली होती, स्मरत असेल. पीठ घेऊन आलो होतो तो मी. आमचे गावी ऐन शेवटी वीज गेल्याने पिठाचे पुढे काय झाले ते पाहता आले नाही. तरी कृपा करून कळवावे. दुसरे असे की, सुरुवातीस आपले नाव आले. चि. दिगंबर याने गावात सांगितले होते की हा भाग त्याने लिहिला. आता लोक त्यास हसतात व खोटारडा म्हणतात. तो काही बोलत नाही. मी बाप आहे. त्याने खोटे सांगितले असेल तर मला तसे कळावे, मी त्यास समजावीन. खरे सांगितले असेल तर तेही कळावे. आपण लिहाल ते मी ग्रामपंचायतीत वाचून दाखवीन. आपला शब्द शेवटचा. सोबत उत्तराचे कार्ड आहे. कळावे, लोभ असावा. नारायण धाकू पाटकर."

एका ओळीचं उत्तर होतं. मी त्या संध्याकाळी कोऱ्या कार्डासमोर पेन उघडून बसलो. 'घाईत राहून गेले' असं लिहिता आलं असतं. ते कुमुदताईंना सांगून झालंच होतं. तेवढंही चाललं असतं. दिगंबरचं नाव राखलं गेलं असतं आणि माझंही. पण मग ग्रामपंचायतीत वाचलं गेलं असतं की तो भाग दिगंबरचा, आणि दोनशे पत्रं त्याची. तेवढंही माझ्याच्याने देववेना.

आता चित्रीकरणानंतरच्या त्या शुक्रवारचं सांगतो.

कुमुदताई तापाने आजारी होत्या. संकलनाला मी एकटा गेलो. संकलन करणारे शिर्के म्हणून गृहस्थ होते. सगळा भाग जोडून झाला तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा दाखवला. शिर्के दहा वर्षं तेच काम करत होते, दिवसभर माणसांचे चेहरे मागे-पुढे फिरवणारे, तेही हसले. मग म्हणाले, "सोहोनीसाहेब, या भागाला वेगळं कार्ड आहे ना? हे पाटकर कोण? चित्रित करून ठेवलंय, लावू?"

घाई अजिबात नव्हती. शिर्के चहा पीत होते. बाहेर उन्हं होती. मी त्या कार्डावरच्या 'ना.'कडे आणि त्याच्या गोल टिंबाकडे बघितलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "मालिकेत एकच नाव बरं दिसतं. नेहमीचंच लावा."

"बरं," शिर्के म्हणाले, आणि लावलं.

एवढंच. मी कोणाला मारलं नाही, कोणाचं घर पाडलं नाही. दोन वाक्यं बोललो. माझ्या सगळ्या लिखाणात लोकांवर परिणाम करणारी तेवढीच दोन.

तेराव्या भागानंतर कुमुदताई दिगंबरला म्हणाल्या, "मुलांसाठी नवीन मालिका काढतेय. तू लिहिशील?" मी तिथेच होतो. तो म्हणाला, "नको, ताई. बाबा थकलेत. गिरणी बघायला पाहिजे." त्या खूप बोलल्या. तो नुसता हसत राहिला. जाताना माझ्या पाया पडला. मला म्हणाला, "साहेब, पिठाबद्दल कोणाचं पत्र-बित्र आलं होतं का?"

"आली होती दोन-चार," मी म्हणालो. "नेहमीची."

त्यानंतर मी पाच पुस्तकं लिहिली. त्यांतलं शास्त्र अचूक आहे. कुठल्याही कार्यक्रमात माझी ओळख करून देताना मात्र 'पिठाचा भाग लिहिणारे सोहोनी' असंच म्हणतात. टाळ्या पडतात त्या तिथेच. अडतीस वर्षं मला ज्या लेखकाचा मत्सर वाटत आला, त्याचं नाव पद्माकर सोहोनी. तो माझ्याहून फार चांगला लिहितो.

गेल्या महिन्यात कर्व्यांची नात मैथिली फोन घेऊन आली. "आजोबा, तुमचा पिठाचा भाग सापडला! कोणीतरी जुन्या कॅसेटवरून टाकलाय."

"नको गं. डोळे दुखतात."

"असं काय करता? मी धरते ना फोन."

तिने धरला. चित्रं धुरकट, आवाज खरखरता. अक्का यानाबाहेर अडकली. तोंड उघडून ओरडली. आणि कप्तान आत बसून म्हणाला, "ऐकू येत नाही, पण जावं लागतं!"

मला हसू आलं. आधी आवाज आलाच नाही, नुसते खांदे हलले. मग झाकण उडावं तसं. मैथिली घाबरली, पाणी घेऊन आली. मी हसतच होतो. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांतून पाणी, खुर्चीचा हात धरून. काय सुंदर वाक्य लिहिलं होतं त्या पोराने!

"आजोबा, तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच एवढे हसताय?"

मी डोळे पुसले. ती खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून दाखवायला लागली. बरेच होते. एका ठिकाणी ती थांबली. "हे बघा, गंमत. कोणी तन्वी पाटकर आहे. लिहिते, 'हे पीठ आमच्या गिरणीत दळलेलं, असं माझे पणजोबा सांगायचे. आणि हा भाग आमच्या आजोबांनी लिहिला, असंही. गावात कोणी खरं मानत नाही. आजोबांना विचारलं तर ते नुसते हसतात आणि गिरणीचा पट्टा चढवतात. कोणाला माहीत आहे का?'"

तिने फोन खाली केला. "काहीही लिहितात लोक. उत्तर देऊ का मी, तुमच्या वतीने?"

"नको," मी म्हणालो. "माझ्याकडे कार्ड आहे."

ती काही न समजून गेली. मी कपाटातून जोडकार्ड काढलं. मधल्या घडीवर कागद इतका विरला होता की हात लावताच दोन्ही भाग सुटे झाले. कोऱ्या भागावर नारायणरावांनी स्वतःचा पत्ता लिहिला होता: 'श्री. नारायण धाकू पाटकर, पिठाची गिरणी', पुढे गाव, तालुका, जिल्हा. जिल्ह्याच्या नावाचा र जरा फिकट झाला होता, तो मी गिरवला.

आधी चार पानं लिहिली, वेगळ्या कागदावर. त्यात मत्सर म्हणजे काय यावर दीड पान होतं. ती फाडली. मग कार्डावर एवढं लिहिलं:

"रा. रा. नारायणराव, सा. न. वि. वि. आपल्या पत्राचे उत्तर. (१) पीठ मारले नाही. अक्काने त्याच्या आंबोळ्या घातल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, आणि थोडे उद्यासाठी मागे ठेवले. (२) तो भाग चि. दिगंबर याने लिहिला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्याचे नाव रंगवून तयार होते. ते मी काढायला लावले. घाईत राहिले नाही. आपण विचारले होते, त्याला येते का लिहायला? येते. माझ्यापेक्षा चांगले येते, आणि हे मला त्याच दिवशी ठाऊक होते. हे ग्रामपंचायतीत वाचून दाखवावे. पद्माकर सोहोनी."

पोस्टातल्या मुलीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "आजोबा, हे कधीचं आहे?"

"जुनं आहे. चालेल ना?"

"तिकीट लावावं लागेल वरून." तिने लावून दिलं. मग पत्ता वाचत म्हणाली, "गिरणी... एवढ्यावर पोचेल?"

"गिरणी एकच आहे," मी म्हणालो.

ती कार्ड मागे ठेवायला लागली, तेव्हा मी ते परत मागून घेतलं. बाहेर आलो, लाल पेटीपाशी उभा राहिलो, अक्षर पुन्हा एकदा तपासलं, आणि माझ्या हातांनी आत टाकलं.